उशाशी काय आहे ते सांगा: आमच्या सात जणांच्या वाचनाचं प्रकरण

वहीत पुस्तकांची ३४ नावं होती. त्यातली पूर्ण वाचून झालेली २, आणि ती दोन्ही ज्याने सुचवली त्यानेच वाचलेली, म्हणजे ती धरायची का नाही हाच वाद. सहा महिने आम्ही दर दुसऱ्या शनिवारी जमत होतो, एकमेकांना पुस्तकं सांगत होतो, माना डोलवत होतो, आणि घरी जाऊन कोणी काही वाचत नव्हतं.

हे लिहून काढतोय कारण ओळखीच्या दोन-तीन लोकांनी विचारलं की तुमचं ते पुस्तकांचं अजून कसं काय चालू आहे, आमच्या मंडळीत असलं काही चार महिन्यांत बंद पडतं. तर आमचंही बंदच पडलेलं. ते कसं पडलं ते आधी सांगतो कारण खरी मजा तिथेच आहे, नंतर जे जमलं ते त्यामानाने साधं आहे.

माणसं सांगतो, नावं नाही. सगळे ख्रिस्ती, पण वेगवेगळ्या चर्चचे. जागा पुण्यात घोरपडीतल्या मावशींचं घर. मावशी मूळच्या नगरच्या, मिशन हॉस्पिटलमधे नर्स म्हणून आयुष्य काढलं, आता रिटायर. त्यांची भाची, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. एक सर, तेही नगरचेच, शाळेत मराठी शिकवायचे, ज्ञानोदय हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली नगरला सुरू झालं हे वाक्य त्यांच्या तोंडून महिन्यातून एकदा तरी निघतंच. एक वसईचा मित्र, कॅथलिक, घरी तिकडची सामवेदी बोली बोलतो आणि आमच्याशी पुणेरी. एक पाळकांचा मुलगा, आयटीत, उपासनेला आता इंग्लिश बोलणाऱ्या मोठ्या चर्चला जातो. मी आणि माझी बायको. आम्ही दोघं सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे, त्यातही बायको नियमित आणि मी अधूनमधून, त्यावर पुढे येतो.

सुरुवात अगदी निरागस होती. प्रार्थना, उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत, चहा, आणि मग कोणीतरी म्हणलं की आपण नुसतं ऑफिस आणि ट्रॅफिकवर बोलतो, त्यापेक्षा प्रत्येकाने सांगूया ना सध्या काय वाचतोय. सगळ्यांना पटलं. मी उत्साहाने नवी दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर तारीख टाकली, आणि नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या तीन महिन्यांतच लक्षात यायला हवं होतं. ३४ पैकी २९ नावं इंग्लिश. त्यातली अर्ध्याहून जास्त आयटीवाल्याची, कारण त्याच्या चर्चमधे दर महिन्याला एक पुस्तक सगळे मिळून वाचतात आणि तो ते इकडे आणायचा. सी. एस. लुईसचं ते मोठा सैतान पुतण्याला पत्र लिहितो वालं, बॉनहॉफर या जर्मन पाळकाचं ख्रिस्ती लोकांनी एकत्र कसं राहावं यावरचं, आणखी बरीच. प्रत्येकाच्या मागे एकच शेरा, मस्ट रीड. मग तो फोनवर पीडीएफ पाठवायचा. आता ही पीडीएफ कुठून यायची ते कोणी विचारलं नाही. चोरी करू नको ही आज्ञा सगळ्यांना पाठ आहे, पण ती कॅथलिक मोजणीत सातवी आणि आमच्या मोजणीत आठवी, त्यामुळे विषय काढला असता तरी वाद आकड्यावरच झाला असता.

मी स्वतः काय सांगायचो? चर्चच्या कपाटातून आणलेल्या एका जाड पुस्तकाचं नाव. तीन शनिवार तेच नाव सांगितलं, दर वेळी थोडं वेगळ्या सुरात. पान १८ च्या पुढे मी गेलो नव्हतो. बायको शेजारी बसून माझ्याकडे बघायची पण काही बोलायची नाही, तेवढं मात्र चांगलं.

आणि मावशी. त्यांची पाळी आली की दर वेळी एकच उत्तर, "मी काय वाचणार, मी आपलं शास्त्र वाचते." शास्त्र म्हणजे बायबल. आणि आम्ही सगळे, अगदी सगळे, "छान, छान, तेच तर मुख्य" असं म्हणून पुढच्या माणसाकडे वळायचो. सहा महिन्यांत एकदाही कोणी विचारलं नाही की मावशी, शास्त्रात कुठे आहात सध्या? कुठलं पुस्तक? कितवा अध्याय? आयटीवाल्याला विचारायचो की कितव्या चॅप्टरला आलास, मावशींना नाही. मला आज हे लिहितानाही लाज वाटते.

मधे एक भानगड झाली तीही सांगायला हवी. वसईकराने एकदा मैत्रीवरचं एक वचन वाचून दाखवलं, विश्वासू मित्र म्हणजे भक्कम आसरा, ज्याला तो मिळाला त्याला ठेवा मिळाला, अशा अर्थाचं. सगळ्यांना आवडलं. मावशींनी चष्मा लावला, आपलं पवित्र शास्त्र उघडलं आणि विचारलं, कुठे आहे हे? तो म्हणाला, सिराख, सहावा अध्याय. मावशी पानं उलटतायत, नीतिसूत्रे झालं, उपदेशक झालं, गीतरत्न झालं, यशया आलं. परत मागे. परत पुढे. सापडेना. वसईकराच्या मग लक्षात आलं आणि तो एकदम ओशाळला, कारण ते पुस्तक त्याच्या कॅथलिक, ७३ पुस्तकांच्या बायबलात आहे आणि आमच्या ६६ मधे नाही. हे सगळ्यांना थिअरीत माहीत होतं. पण एक म्हातारी बाई भर चहाच्या वेळी बोटाला थुंकी लावून पानं शोधतेय आणि तिला आवडलेलं वाक्य तिच्या पुस्तकात नाही, हे बघणं वेगळं. सरांनी वर आणि म्हणलं, "आपल्याकडे नाही ते." त्या 'आपल्याकडे' ने खोलीतली हवा बदलली. वसईकराला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या सुबोध बायबलबद्दल, म्हणजे त्यांनी केलेल्या मराठी भाषांतराबद्दल, सांगायचं होतं त्या दिवशी, त्याने पिशवीतून पुस्तक काढलंच नाही.

पुढचे दोन शनिवार मावशी स्वतःच्याच घरात आजारी. म्हणजे आम्ही जमायचो त्यांच्याच हॉलमधे आणि त्या आतल्या खोलीत, गुडघा दुखतोय म्हणून. भाची चहा द्यायची. तिसऱ्या वेळी माझी बायको मदतीला स्वयंपाकघरात गेली तेव्हा भाचीने तिला सांगितलं, "मावशीला काही गुडघा-बिडघा नाहीये. ती म्हणते मला तिथे तोंडी परीक्षेला बसल्यासारखं होतं."

बायकोने हे घरी येताना रिक्षात सांगितलं. मी म्हणलं अरे बापरे. ती म्हणाली, अरे बापरे काय, मलाही तसंच होतं. तुला होत नाही का?

होत होतं की.

पुढच्या शनिवारी बायकोने प्रार्थनेनंतर वही माझ्या हातातून काढून घेतली, मावशींना हाताला धरून बाहेर आणून बसवलं आणि म्हणाली, आज पुस्तकं सुचवायची नाहीत. आज प्रत्येकाने एवढंच सांगायचं की गेल्या आठवड्यात झोपायच्या आधी खरोखर हातात काय होतं. ख्रिस्ती असो नसो, पुस्तक असो नसो. मी सुरुवात करते. माझ्या उशाशी रुचिरा आहे. कमलाबाई ओगल्यांची. मी रात्री पाककृती वाचते, करत नाही, नुसती वाचते, मला त्याने शांत झोप लागते.

दोन सेकंद सगळे गप्प. मग सर असे हसले की त्यांना ठसका लागला.

आणि मग बांध फुटला. भाची मोबाईलवर एक प्रेमकथा वाचत होती, ८० की ९० भाग झाले होते, फार्माकॉलॉजीच्या नोट्स त्याच्या वर उघड्या ठेवून. मी इन्स्पेक्टर-खुनाच्या कादंबऱ्या, जुन्या बाजारातून किलोवर आणलेल्या. सर जुन्या ज्ञानोदयाच्या झेरॉक्स, त्यातल्याही फक्त जाहिराती आणि वाचकांची पत्रं, कारण लेख फार लांबलचक आहेत असं ते स्वतः म्हणाले, हे ऐकून मला तर त्यांच्याबद्दल प्रेमच वाटलं. वसईकराकडे सुवार्ता या वसईच्या कॅथलिक मासिकाचे जुने अंक आणि एक जपानी कादंबरी. आयटीवाला बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, काहीच नाही. मी ऐकतो, दीडपट स्पीडने, बाईकवर. जी पुस्तकं तुम्हाला सांगितली त्यातली बरीच मी सुरू केली आणि सोडली. बॉनहॉफरची पहिली दोन प्रकरणं वाचलीत, पाचपैकी.

आता बॉनहॉफरच्या त्या पुस्तकाबद्दल थोडं, कारण योगायोग भारी आहे. नाझींच्या काळात हा माणूस जर्मनीत फिंकेनवाल्डला छुप्यासारखी एक पाळक-शाळा चालवत होता, १९३७ ला गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती बंद केली, आणि तिथल्या एकत्र राहण्याच्या अनुभवावर त्याने हे छोटं पुस्तक लिहिलं, ते १९३९ ला आलं. पहिल्याच प्रकरणात तो सांगतो की जो माणूस खऱ्या संगतीपेक्षा संगतीच्या आपल्या स्वप्नावर जास्त प्रेम करतो तो ती संगती मोडतो, त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी. आणि शेवटचं, पाचवं प्रकरण आहे एकमेकांजवळ पापं कबूल करण्यावर. आयटीवाला तिथपर्यंत पोचलाच नव्हता आणि आमच्यासमोर बसून नेमकं तेच करत होता. हे त्याला दोन महिन्यांनी कळलं, जेव्हा त्याने पुस्तक खरंच पूर्ण केलं, आणि त्याने रात्री साडेअकराला मला फोन करून सांगितलं.

मावशी राहिल्या. त्या म्हणाल्या, शास्त्र तर वाचतेच सकाळी, ते खोटं नाही. पण रात्री... आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. डाळीच्या डब्यांच्या मागून एक पुस्तक काढून आणलं. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे. पुठ्ठ्याचा कणा निघालेला, त्याला हॉस्पिटलची पांढरी चिकटपट्टी लावलेली, ती ड्रेसिंगला वापरतात ती, कडांना पिवळी पडलेली. मधल्या पानांवर हळदीची बोटं. कितव्यांदा वाचताय विचारलं तर म्हणाल्या मोजलं नाही, संपलं की परत पहिल्यापासून.

मग इतके दिवस सांगितलं का नाही?

"ते काय धार्मिक पुस्तक आहे का? आणि सगळ्यांनी शाळेत धडा वाचलाच असेल की. तुमची पुस्तकं कसली मोठमोठी."

माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचं मर्म या वाक्यात आहे. आम्ही विचारत होतो 'सध्या काय वाचतोयस' आणि ऐकणाऱ्याला ऐकू जात होतं 'सध्या किती ख्रिस्ती आहेस'. त्या प्रश्नाला कोण खरं उत्तर देईल? त्यामुळे प्रत्येकजण शोकेसमधलं पुस्तक सांगत होता, आणि शोकेसमधलं पुस्तक दुसऱ्याला द्यायला काही जात नाही कारण त्यावर आपलं काहीच सांडलेलं नसतं. शिफारस म्हणजे काय हेच आम्हाला उलटं कळलं होतं. तू हे वाचायला पाहिजेस असं सांगणं सोपं आहे, मी इथे अडकलोय किंवा मी इथे हसलो हे सांगायला थोडी हिंमत लागते.

त्या संध्याकाळी मावशींनी वाचून दाखवलं. अगदी सुरुवातीचा भाग, लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा, बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात नाही, आणि त्यापायी पोरांचे जे हाल. मावशी वाचतात हॉस्पिटलच्या वॉर्डात औषधाच्या वेळा सांगाव्या तशा, सपाट आवाजात, चेहरा कोरा, त्याने तर अजूनच हसू येत होतं. आयटीवाल्याची मराठी वाचायची सवय गेलीय, शाळेपासून इंग्लिश मीडियम, तर तो मधेच विचारायचा याचा अर्थ काय, त्याचा अर्थ काय, आणि सरांना परत वर्ग मिळाल्यासारखं झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लक्ष्मीबाई म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पत्नी. टिळकांनी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बाईंना न सांगता, आणि मग दोघं काही वर्षं वेगळी राहिली, बाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. पुस्तक त्यांनी म्हातारपणी लिहिलं, पहिला भाग १९३४ ला आला. नवऱ्याच्या धर्मांतराने संसार मोडलाय आणि ती बाई त्यातही विनोद सोडत नाही. वसईकराने हे पुस्तक कधी वाचलंच नव्हतं, कारण त्याच्याकडे ते 'प्रोटेस्टंट लोकांचं' म्हणून कोणी दिलं नव्हतं. म्हणजे 'आपल्याकडे नाही ते' हे दोन्ही बाजूंनी चालू होतं.

त्या दिवसानंतर काही गोष्टी आपोआप ठरल्या. नियम म्हणून कोणी लिहिल्या नाहीत. पुस्तक प्रत्यक्ष टेबलावर हवं, फोनमधलं नाव चालणार नाही. आणलंय तर एक पान मोठ्याने वाचायचं, निवडून, घरी एकदा सराव करून आलात तर उत्तम. आवडलं नाही असं सांगायला परवानगी. आणि सगळ्यांना एकदम सुचवायचं नाही, एका माणसाला द्यायचं, का ते सांगून.

या शेवटच्या गोष्टीने घोळ केला, आणि तो माझ्याच बाबतीत.

वसईकराने ती जपानी कादंबरी माझ्यासमोर ठेवली. एन्डो शुसाकूची, १९६६ ची, सायलेन्स नावाने इंग्लिशमधे आहे. सतराव्या शतकातल्या जपानमधे ख्रिस्ती लोकांचा छळ चालू असताना जेझुइट या कॅथलिक संघाचा एक पोर्तुगीज पाद्री तिथे जातो, आणि शेवटी त्याला ख्रिस्ताच्या चित्रावर पाय ठेवायला लावतात. वसईकर म्हणाला, "हे तुझ्यासाठी."

मला राग आला. उघड दाखवला नाही पण आला. मधली दोन वर्षं मी चर्चला जाणं जवळजवळ सोडलं होतं, कारण सांगत बसत नाही, आणि हे त्या सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे आता मला विश्वास सोडणाऱ्या माणसाची कादंबरी? सात जणांत नेमकी मला? मी थँक्स म्हणलं, पिशवीत टाकली, आणि पाच आठवडे ती पिशवीतून काढली नाही. बायको म्हणाली विचार ना त्याला का दिली. मी म्हणलं मला माहितीये का दिली.

शेवटी विचारलं, वसईला त्याच्या घरी गेलो होतो तेव्हा. त्याने मला गोन्सालो गार्सियाची गोष्ट सांगितली, जी तिथल्या प्रत्येक पोराला पाळण्यापासून माहीत असते. वसईत जन्मलेला, पुढे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात ब्रदर झाला, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रूसावर मारला गेला, एकूण २६ जणांना मारलं त्यातला एक, १८६२ ला रोमने संत जाहीर केलं. "लहानपणापासून आम्हाला टिकून राहिलेल्याची गोष्ट सांगतात," तो म्हणाला, "त्याच नागासाकीच्या बाजूला न टिकलेले पण असतील ना? त्यांची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मी स्वतःला कायम त्यांच्यात धरतो. मला वाटलं तुला तरी हे बोलता येईल, बाकीच्यांना सांगितलं तर लगेच माझ्यासाठी प्रार्थना सुरू करतील."

म्हणजे मी पाच आठवडे फुगून बसलो होतो आणि त्याने पुस्तक माझ्याबद्दल नाही, स्वतःबद्दल दिलं होतं.

वाचलं मग मी, चार रात्रींत. आवडलं का, तर आवडलं हा शब्द बसत नाही. मधला भाग मला जड गेला, शेवट मी दोनदा वाचला. वसईकराशी त्यावर बोलताना आम्ही दोघं त्याच्या वाडीत केळींच्या मधे दीड तास उभे होतो, त्याच्या आईने तीनदा जेवायला हाक मारली. एकूण मैत्रीत असा दीड तास आधी झाला नव्हता. पण मला हेही मान्य करायला हवं की एकाच माणसाला पुस्तक देणं हे नाजूक काम आहे आणि का ते तिथल्या तिथे सांगितलं नाही तर समोरचा आपल्या सोयीचा, बहुतेक वाईटच, अर्थ लावतो. आता आम्ही पहिल्या पानावर पेन्सिलने दोन ओळी लिहून देतो. पेन्सिलने, कारण सरांना पेनने लिहिलेलं चालत नाही.

एक साफ फसलेला प्रयोगही झाला, निदान सुरुवातीला. सरांनी ख्रिस्तपुराण आणलं. फादर थॉमस स्टीफन्स, मूळ इंग्रज जेझुइट, गोव्यात साष्टीत राहिला, मराठीत जवळपास ११ हजार ओव्या लिहिल्या, १६१६ ला रायतूरला छापलं, तेही रोमन लिपीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्यांना त्याजागी काहीतरी हवं होतं म्हणून हे पुराण. 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' ही ओवी शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते, पण पुढचं कोणी वाचत नाही. आम्हीही का वाचत नाही ते त्या संध्याकाळी कळलं. सर एकेक शब्दाचा अर्थ सांगत कविता शिकवल्यासारखं वाचत होते, पाचव्या मिनिटाला भाचीचा फोन टेबलाखाली सुरू, दहाव्या मिनिटाला मला पेंग. वसईकराने तेवढ्यात दोन जांभया दिल्या, मी मोजल्या.

आणि दारात वरच्या मजल्यावरचे आजोबा. दार उघडंच असतं, उन्हाळा होता. आजोबा वारकरी, माळकरी, घरात ज्ञानेश्वरीचं पारायण असतं त्यांच्या. त्यांनी विचारलं, "कुठली पोथी लावलीत?" सरांनी सांगितलं. आजोबा म्हणाले, बघू. चपला काढून आत आले, पुस्तक हातात घेतलं, थोडा वेळ ओठ हलवले, आणि म्हणाले, "सर, राग मानू नका, ओवी अशी तोडायची नसते. साडेतीन चरण. तीन एका दमात जायचे आणि शेवटच्या अर्ध्यावर थांबायचं." आणि वाचायला लागले, त्या पारायणाच्या चालीत. अर्थ न सांगता. खोली एकदम वेगळी झाली. भाचीने फोन उलटा ठेवला. मावशींनी तर डोक्यावर पदर घेतला, मला वाटतं त्यांनाही कळलं नसेल कधी घेतला. अर्थ आम्हाला निम्माच लागत होता पण गोष्ट कळत होती, जगाच्या उत्पत्तीची होती, आणि आजोबांना ती गोष्ट आमच्याइतकी माहीत नव्हती म्हणून ते प्रत्येक ओवीला "अच्छा" म्हणायचे.

चाळीसेक ओव्या झाल्या असतील. जाताना म्हणाले भाषा थेट आपल्या पोथ्यांची आहे की. सर चार वाक्यं बोलले नाहीत नंतर. मग हळूच म्हणाले, मी ही चाल नववी-दहावीच्या पोरांना कधी लावूच दिली नाही, ३० वर्षं.

ख्रिस्तपुराण अजून पूर्ण झालेलं नाही, होणारही नाही बहुतेक. आजोबा महिन्यातून एकदा येतात, वीस-पंचवीस ओव्या वाचतात, मावशींकडचा चहा घेतात. नाताळात मावशींनी करंज्या आणि चिवडा वर पाठवला, डबा परत आला तो तिळगुळ घालून. ओव्या ऐकायला मिळाव्यात म्हणून भाची आता त्या एका शनिवारी ड्युटी बदलून घेते, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं, ती स्वतः कधी सांगणार नाही.

सुबोध बायबल शेवटी पिशवीतून बाहेर आलं. सगळ्यात आधी मावशींनी मागितलं. त्यांना सिराखमधलं ते मित्राचं वचन हवं होतं. एका कागदावर स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलं आणि कागद घडी करून आपल्या पवित्र शास्त्रात ठेवला. कुठे ठेवू, असं विचारलं त्यांनी. वसईकर म्हणाला आमच्यात गीतरत्नानंतर शलमोनाचं ज्ञान येतं आणि मग सिराख, म्हणजे यशयाच्या आधी. तिथे ठेवला. सर बघत होते. काही बोलले नाहीत, आणि सरांच्या बाबतीत हे फार मोठं आहे.

आयटीवाला मागच्या वर्षी कॅनडाला गेला. जायच्या आधी तो अप्पा बळवंत चौकात जाऊन स्मृतिचित्रेची नवी प्रत घेऊन आला, मावशींना द्यायला, म्हणाला तुमची जुनी मला द्या, हळदीवाली. मावशींनी नवी प्रत घेतली, जुनी दिली नाही. "नवी मी कुणाला वाचायला देईन. जुनी माझी आहे." शेवटी नवीच तो घेऊन गेला. तिथल्या सकाळी व्हिडिओवर येतो कधीकधी, डोळे चोळत, आणि मावशी त्याला विचारतात, कितव्या पानावर आलास? आता हे त्याला विचारलं जातं आणि तो खरं सांगतो. परवा १२० वर होता, तीन महिन्यांपूर्वी ११२ वर.

वही अजून माझ्याकडेच आहे. ती ३४ नावांची पानं फाडली नाहीत, फक्त पुढे एक नवीन पान काढून तीन रकाने केले, पुस्तक, कोणी दिलं, सध्या कोणाकडे आहे. गेल्या वर्षभरात ११ नावं झालीत आणि त्यातली ८ निदान एका माणसाने तरी शेवटपर्यंत वाचलीत. सगळ्यात जास्त हातांतून फिरलेलं पुस्तक मात्र रुचिरा आहे, बायकोची प्रत, चार घरं हिंडून झाली. सध्या कोणाकडे या रकान्यात आमच्या पाळकसाहेबांचं घर लिहिलंय, त्यांच्या मिसेसने मागितलं होतं. दोन महिने झाले. मागायचं कसं यावर बायको आणि मी अजून ठरवतोय.